डोंगरानं नाही नेलं तुला

ताई,

दहाव्याला घाटावर कुणीतरी म्हणालं, "डोंगराचं खूळ नडलं बाईला." आणि तुझ्या नवऱ्यानं, ज्यांना मी अठ्ठावीस वर्षं भाऊजी म्हणते, त्यांनी मान डोलावली. मी बायकांच्या घोळक्यात चार हात मागं उभी होते. मला ओरडून सांगायचं होतं की हे खोटं आहे. नाही सांगितलं. धाकटी सून, दुःखाचं घर, त्यात दहावा. गप्प बसायला कारणं काय, हवी तेवढी मिळतात.

आज दीड महिना झाला. ते वाक्य मखमलाबादच्या आपल्या मळ्यापासून पंचवटीच्या भाजीबाजारापर्यंत सगळीकडे फिरतंय. "सत्तावन्न वर्षांची बाई, नातवंडं खेळवायची सोडून डोंगर चढत होती." रोजची गिऱ्हाइकंसुद्धा कोथिंबीर निवडता निवडता चुकचुकतात, "त्या डोंगरवाल्या मावशी गेल्या ना?" जशी काही तू कड्यावरून पडलीस. पडलीस कुठं? तू आपल्या अंगणात, सकाळी सात वाजता, पाटावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होतीस.

म्हणून लिहितेय. तोंडानं सांगायला गेले की आवाज चढतो, आणि आवाज चढला की लोक म्हणतात, हिला धक्का बसलाय, हिला आत न्या.

डोंगराची सुरुवात तरी कुणी केली? डॉक्टरांनीच. चार वर्षांपूर्वी तुझं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. तू कालव्याच्या कडेनं चालायला लागलीस. सासूबाई तेव्हा होत्या. "एकटी बाई कालव्यावर कशाला," म्हणून त्यांनी मला तुझ्यामागं लावून दिलं. खरं सांगते, मला तुझा राग यायचा. माझी अर्धी कामं पडलेली, आणि मी थोरल्या जाऊबाईंची राखण करत फिरतेय. तू पुढं, मी मागं, आणि मध्ये आपलं ते जन्माचं "तुम्ही". तुम्ही पाणी घेतलं का. तुम्ही दमलात का. चोवीस वर्षं एका चुलीवर काढून आपण एवढंच बोलायचो.

महिन्याभरात तू कंटाळलीस. "हे सपाट किती दिवस चालायचं गं?" म्हणालीस आणि चांभार लेण्यांकडे वळलीस. तिथल्या पायऱ्या झाल्या, मग रामशेज. वरच्या कोरीव पायऱ्यांशी मी अडकले. खाली आशेवाडीची घरं काड्यापेट्यांएवढी दिसत होती आणि मला ना वर जाता येईना ना खाली. तू चार पायऱ्या पुढं होतीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, थांब ना गं! जाऊ नकोस ना!"

तू वळलीस आणि पोट धरून हसलीस. "आली जिवावर, तेव्हा 'तू' म्हटलीस होय!"

मग खाली उतरून आलीस, माझ्या पुढं उभी राहिलीस आणि म्हणालीस, "खाली बघू नको. माझ्या टाचेकडं बघ. मी पाय उचलला की तू उचल." तुझ्या भेगाळलेल्या टाचेकडे बघत मी रामशेज चढले. त्या दिवसानंतर मी तुला परत कधी "तुम्ही" म्हटलं नाही. घरात सगळे चपापले होते, आठवतं? सासूबाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" तू म्हणालीस, "डोंगरावरचं हाय, राहू द्या."

याचे आभार मी कधी मानले नाहीत. जावाजावांत आभार मानायची रीत नाही, म्हणून राहून गेलं.

मग तो गेल्या उन्हाळ्यातला दिवस. बाजारात आपल्या ओट्यासमोर एक तरुण आला, पाठीवर सॅक, पायात चांगले बूट. लिंबं घेता घेता मित्राला सांगत होता की त्यांचा ग्रुप सातमाळा रांगेतले पाच डोंगर दोन दिवसांत करणार आहे, चॅलेंज आहे. तू जुडी हातात धरून ऐकत राहिलीस. मग विचारलंस, "आम्हाला घेता का?"

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "काकू, हे तुमच्यासाठी नाही. फिटनेस लागतो याला."

"बरं," तू म्हणालीस. "तेवढा तो टोमॅटोचा क्रेट इकडं सरकवता का? माझ्यात फिटनेस नाय."

त्यानं वाकून क्रेट धरला आणि कमरेपर्यंत आणून परत खाली ठेवला. तू उठलीस, उचललास, ओट्यावर ठेवलास आणि त्याला म्हणालीस, "लिंबं मोजून घ्या." आख्खी रांग हसली. शेजारच्या ओट्यावरची विमल तर हसता हसता वजनकाट्यावर पडली. तो बिचारा लाल होऊन गेला. तू मात्र हसली नाहीस. संध्याकाळी टेम्पोत माझ्याशेजारी बसून एकच बोललीस, "सुरेखा, आपण आपलं काढू. आपल्या ओळीतल्या बायका घेऊन. पाच म्हणजे पाच."

मी म्हटलं, डोक्यावर पडलीस का. पण आठ दिवसांत तुझ्याकडे दहा नावं होती, तुझं आणि माझं धरून. पालेभाजीवाल्या, फुलवाल्या, एक मिरचीवाली. सगळ्या चाळिशीच्या पुढच्या. यांतली प्रत्येक बाई सप्तशृंगीला नवसाला जाऊन आलेली, आणि गडावरून समोरचा मार्कंड्या प्रत्येकीनं बघितलेला, पण त्यावर पाय कुणी ठेवलेला नव्हता. नवस नाही तर डोंगर कशाला चढायचा, हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही.

जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तू रांग काढलीस. सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या, जावळ्या, धोडप. शेजारी शेजारी, एका ओळीत, आपल्या बाजारातल्या ओट्यांसारखे. पहिल्या दिवशी गडावर दर्शन, मग मार्कंड्या, मग मुक्काम. दुसऱ्या दिवशी उरलेले तीन. तू पायथ्याच्या गावात जाऊन आलीस, हिराबाई नावाच्या बाईंशी बोललीस, भाकरी-पिठल्याचं आणि झोपायचं ठरवलंस. त्यांच्या पुतण्याला वाट दाखवायला घेतलंस. कुणाच्या घरी कुणाची परवानगी लागेल त्याचीही यादी केलीस, आणि त्या त्या घरी स्वतः गेलीस. विमलच्या सासऱ्यांना तू काय सांगितलंस ते विमल अजून नक्कल करून दाखवते. "देवीच्या रांगेतलेच डोंगर हायेत, बाबा. एका देवीला गेलं काय न् पाच डोंगरांना गेलं काय, पुण्य वाढंलच."

आणि आपण भांडलो. किती भांडलो! मी म्हणत होते, धोडप सोड, चार पुरे, नाहीतर तीन दिवस घे. तू म्हणायचीस, "चार म्हणजे चॅलेंज नाय, सहल झाली." मी म्हणत होते, रवळ्या-जावळ्याच्या मधल्या पठारावरून जाऊ, माथ्याचा कातळ बायकांना जमायचा नाही. तू म्हणायचीस, "माथ्याला हात लावल्याशिवाय डोंगर मोजायचा नाय." मिरचीवाली सुमन म्हणाली, साडीतच येणार, तर तिच्याशी तू दोन दिवस अबोला धरलास. तुझ्यासारखी हट्टी बाई मी बघितली नाही. मेथीची जुडी कुणी जरा उलगडून बघितली तरी आख्खा बाजार गोळा करायचीस.

मग मला सांग, ताई. हाच आवाज स्वतःच्या छातीच्या वेळेला कुठं गेला?

तू कुजबुजलीस. याचाच मला राग आहे, आणि तो तुझ्यावर आहे. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी झेंडू तोडताना तू कंबर सरळ केलीस आणि हळूच म्हणालीस, "छातीत भरून आल्यासारखं होतंय गं." नवरात्राची फुलं, दोघींना श्वास घ्यायला सवड नाही. मी म्हटलं, सकाळपासून नुसत्या चहावर आहेस, पित्त असेल. ओवा दिला. तू चावलास. चावलास आणि परत तोडायला लागलीस.

दुसऱ्यांदा बाजारात. क्रेट उतरवताना जबडा धरलास. मी विचारलं, दाढ दुखते का, आणि लवंग दिली. लवंग! काय बाई मी.

त्या आठवड्यात भाऊजी तुला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी तुला बसवलं, पण विचारलं सगळं भाऊजींना. "जेवण वेळेवर करतात का या? घरात काही टेन्शन?" तू मध्येच म्हणालीस, "चढावर जास्त होतं, बसलं की थांबतं." त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही. "पित्त आहे. आणि या वयात बायकांना असं होतंच, पाळी गेल्यावर." भाऊजी हसले, डॉक्टर हसले. तुझ्या मनगटाला त्यांनी हात लावला तेवढाच. गोळ्या घेऊन आपण परत आलो. वाटेत तू म्हणालीस, "बघ, काही नाय. उगाच घाबरवलं मी सगळ्यांना."

तिसऱ्यांदा रामशेजवर. दसरा झाला होता, सरावाला म्हणून सगळ्यांना घेऊन गेलो होतो. तू जिथं कधी थांबत नाहीस तिथं थांबलीस. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी कातळाला टेकून बसलीस, कपाळावर घाम, आणि वारा तर गार सुटलेला. मी वरच्या पायरीवरून काय ओरडले, माहीत आहे ना तुला? "काय गं पुढारी, म्हातारी झालीस का? धोडप कसला करतेस तू!"

सगळ्या हसल्या. तूही हसलीस. म्हणालीस, "ये, मला खांद्यावर घे." मी खांद्यावर घेतलं नाही. मी वर गेले आणि वरून तुझी वाट बघत पेरू खात बसले.

डोंगरानं तुला नेलं म्हणतात. ताई, आख्ख्या जगात तुझा आजार ज्यानं दाखवला तो एकटा तो डोंगर होता. त्यानं तीनदा तुला थांबवून सांगितलं. दवाखान्यात कळलं नाही, घरात कळलं नाही, मला ओवा-लवंगेच्या पलीकडे सुचलं नाही. सप्तशृंगीची मान तिरकी का, तर समोरच्या मार्कंड्यावर ऋषी बोलतात ते ती ऐकते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. एवढ्या उंचीवरच्या देवीनं दरीपलीकडचं ऐकायला मान वळवावी, आणि आम्ही हातभर अंतरावर बसून तुझ्याकडे बघू नये?

त्यानंतर तू एकही डोंगर चढली नाहीस. "दिवाळी होऊ दे," म्हणालीस. मला वाटलं, फुलांचं काम आहे म्हणून. तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी आपण निघणार होतो. भाऊबीज झाली, तुझा भाऊ येऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तू मेथी बांधत होतीस. मी आतून चहा घेऊन आले. तू म्हणालीस, "ठेव तिथं." मी ठेवला. वळले, आणि मागं पाटाचा आवाज झाला.

तुझ्या हातातली जुडी अर्धी बांधलेली होती.

दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "आधी काही त्रास होता का? छातीत दुखणं, दम लागणं, काही?" भाऊजी म्हणाले, "नाही. ठणठणीत होती. डोंगर चढायची." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडावर धरला होता. ते म्हणाले, "आश्चर्य आहे. आधी बारीक झटके येऊन गेले असणार." भाऊजी परत म्हणाले, "कधीच काही नाही."

आणि मी काही बोलले नाही. घाटावरचं माझं गप्प बसणं दुसरं. पहिलं तिथलं.

खोटं तिथं जन्माला आलं. भाऊजींनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण "ठणठणीत होती" म्हटलं की मग कारण शोधावं लागतं, आणि कारण म्हणून डोंगर बरा. तो काही बोलत नाही.

तू गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी विमल आणि सुमन घरी आल्या. सुमन म्हणाली, "अक्का गेल्या, आता राहू द्या." मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, "जायचं. पौषात जायचं. पण आधी सगळ्यांनी छातीची पट्टी, ती ईसीजी म्हणतात ती, काढायची, नाही काढली तर तिला मी गाडीत घेणार नाही." विमल म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, "तिलाही काही नव्हतं."

एका सोमवारी आम्ही नऊजणी सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतली बाई म्हणाली, "सगळ्यांना काय होतंय?" मी म्हटलं, काही होत नाही, डोंगर चढायचाय, होऊ नये म्हणून आलोय. ती म्हणाली, असं नसतं, आधी तपासा, डॉक्टरांची चिठ्ठी आणा. आतल्या खोलीतला माणूस म्हणाला, डोंगर चढायला पट्टी? मशीन काय खेळणं आहे का?

ताई, मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसांसमोर ओरडले. "माझ्या जाऊबाईची कुणी काढली नाही! पित्त म्हणाले! तुम्ही पण पित्त म्हणा नऊ जणींना आणि लावून द्या घरी!" आख्खा व्हरांडा बघायला लागला. सुमन माझा हात ओढत होती. तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीण बाहेर आली. ती टेबलामागं बसली नाही, आमच्याजवळ बाकावर येऊन बसली आणि म्हणाली, "काय झालं होतं, सांगा मला." मी सांगितलं. पहिल्यांदा पूर्ण सांगितलं, ओवा, लवंग, रामशेज, सगळं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग एकेकीला विचारलं आणि चिठ्ठ्या लिहिल्या.

आडवं पडायचं. छातीला, हातापायाला चिकटवतात. दुखत नाही, सुई नाही. मशीनमधून कागद बाहेर येतो. पाच मिनिटं, ताई. मी घड्याळाकडे बघत होते.

विमलचा कागद घेऊन डॉक्टरीण आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. आली तेव्हा विमलला विचारलं, "डावा हात जड होतो का कधी?" विमल म्हणाली, "होतो की. क्रेट उचलून उचलून." तिला घरी सोडलंच नाही. दोन दिवसांनी एक नळी बंद निघाली, त्यात जाळी बसवली. आता घरी आहे, भाकरीला मीठ नाही म्हणून सुनेशी भांडते.

तिला बघायला गेले तेव्हा ती माझा हात धरून रडली. मला रडू आलं नाही. मला वाटत होतं, तूही अशीच पलंगावर बसून अळणी भाकरीला नावं ठेवली असतीस. परत आले आणि गोठ्यामागं जाऊन रिकाम्या क्रेटला लाथा मारल्या. माझ्या नवऱ्यानं बघितलं. त्यानं क्रेट सरळ करून ठेवला आणि निघून गेला.

परवा संध्याकाळी मी पडवीत शेवंती निवडत होते. भाऊजी समोर खाटेवर. जायचा दिवस ठरलाय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाले, "वर्षश्राद्धापर्यंत कुठं हिंडायला जायचं नाही, सुरेखा. लोक काय म्हणतील? आधीच म्हणतात, आता त्या विमललाही डोंगरानंच आजारी पाडलं."

माझ्या हातातली फुलं खाली पडली.

"भाऊजी, विमल आमच्याबरोबर एकदा रामशेजला आली. एकदा! डोंगरासाठी पट्टी काढली म्हणून ती वाचली. आणि ताईला डोंगरानं नेलं नाही. दवाखान्यात तुम्हाला विचारलं, आधी काही त्रास होता का. तुम्ही नाही म्हणालात. मी शेजारी उभी होते. मीही तोंड उघडलं नाही. आपण दोघांनी मिळून तिला ठणठणीत करून टाकलं, मेल्यावर."

भाऊजींसमोर मी असं कधी बोलले नव्हते. मला वाटलं, आता उठतील, नवऱ्याला हाक मारतील, म्हणतील, हिला आवर. ते खाटेच्या नवारीकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला दोनदा बोलली होती ती."

मी म्हटलं, "मला तीनदा."

बाहेर मोटर चालू होती तिचाच आवाज. मी फुलं गोळा केली. मी उठणार एवढ्यात त्यांनी विचारलं, "तो कागद कुठं काढतात?"

तुझ्यापाशी खोटं बोलणार नाही. दोन क्षण मला वाटलं, सांगू नये. शोधू दे त्यांचं त्यांना. मग सांगितलं. खिडकी कुठली, डॉक्टरीण कधी असते, उपाशी जायची गरज नाही हेही सांगितलं. माझा आवाज काही गोड नव्हता.

आज सकाळी ते जाऊन आले. एकटेच गेले. परत आल्यावर चप्पल न काढताच पडवीत उभे राहिले आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढं धरला, शाळेतल्या पोरानं प्रगतीपुस्तक धरावं तसा. "नीट आहे म्हणाली डॉक्टरीण. पाच मिनिटं पण लागली नाहीत." एवढं म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा वाकडा झाला की मी तिकडं बघू शकले नाही. मी म्हटलं, "बरं झालं." खरंच बरं वाटलं मला. आणि लगेच असा संताप आला, असा आला, की मी कोथिंबिरीच्या वाफ्यापर्यंत चालत गेले आणि तिथं बसून राहिले.

शनिवारी निघतोय आम्ही. चढायला आठजणी, आणि विमल हिराबाईंकडे पायथ्याला बसून राहणार, तिला मागं ठेवायची कुणाची हिंमत नाही. गाडी भाऊजी चालवणार म्हणतात. मी हो म्हटलंय. माफ केलेलं नाही. त्यांना नाही, मला नाही, आणि ताई, तुलाही नाही. हे सगळं घेऊनच चढणार आहे.

तुझी
सुरेखा